पायाला बांधलेली किनार

पेट्रोल पंप मागे पडला, गोदामांची लांबच लांब भिंत सुरू झाली आणि मावशीने पुन्हा बाजू बदलली. गोटीची आई खड्डा चुकवायला जराशी डावीकडे सरकली होती, एवढंच. तर ही बाई मागून वळसा घालून परत तिच्या डाव्या हाताला येऊन चालू लागली. पाळणाघरातून निघाल्यापासून हेच चाललं होतं. एखाद्या वेळी झालं तर माणूस म्हणेल, असेल सवय. पण दर वेळी? आणि तेही कडेवर पोर असताना?

"मावशी, द्या हिला माझ्याकडे. दमला असाल."

मावशीने आधी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि मग म्हणाली, "राहू दे गं. तुझ्या हातात पिशव्या आहेत. आणि ही सोडतेय कुठे मला?"

गोटी खरंच सोडत नव्हती. माकडाच्या पिल्लासारखी मावशीच्या गळ्याला बिलगली होती. सख्खी आई हात पुढे करते आणि पोर मान फिरवते, म्हणजे काय समजायचं? मायेने बिलगलीय की धाकाने? गोटीच्या आईला वरवर पाहून ते ओळखता येईना, आणि ओळखता येत नाही याचाच तिला जास्त राग आला.

पूल दुरुस्तीला काढल्यापासून बस बंद होत्या. जुन्या रस्त्याने लांबचा फेरा मारून घरी जायची पायपीट तिच्या अंगवळणी पडली होती. नवं होतं ते मावशीचं बरोबर येणं. निघताना म्हणाली, "थांब, मीपण येते. मला तिकडेच जायचंय."

"तिकडे म्हणजे कुठे?" गोटीच्या आईने चपला घालता घालता विचारलं होतं.

"हो ना," मावशी म्हणाली, "ऊन उतरलंय आता."

ऐका! विचारलं काय, सांगितलं काय. ज्याला सांगायचं नसतं तोच असं भलतीकडे नेतो. गोटीच्या आईने तिथेच मनाशी ठरवलं, की घर यायच्या आत या बाईच्या तोंडून खरं काय ते काढायचं. नाही बोलली तर सोमवारपासून गोटी तिच्या घराची पायरी चढणार नाही. मग नोकरी राहते की जाते, ते देव बघेल.

गोटीची आई तयार कपड्यांच्या कारखान्यात माल तपासायची. सुटलेला टाका, तिरकी शिवण, एका बाहीपेक्षा लांब दुसरी बाही, सगळं तिच्या बोटांना डोळ्यांआधी कळायचं. गोटीचे बाबा म्हणायचे, "तुझ्यासमोर जेवायला बसायची भीती वाटते. घाससुद्धा उलटून बघशील." पण खोट शोधण्याचाच ज्याला पगार मिळतो, त्याचे डोळे घरी आल्यावर मिटतात थोडेच.

मावशीचं पाळणाघर तिनेच तपासून निवडलं होतं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, धुतलेली फरशी, पोरांच्या हाताला पोचेल अशी बुटकी फळी. फळीवर प्रत्येकाचा पेला, खाली प्रत्येकाच्या चपलांचा जोड. टीव्ही नाही. मावशी पोरांना काही पाठ करायला लावत नसे. पाणी न सांडता ओतायचं कसं, पांघरुणाची घडी टोकाला टोक लावून घालायची कशी, चप्पल कुठल्या पायाची कुठली, असलं शिकवायची. शिकवायची तेही बोलून नाही, स्वतः करून. एकदा, दोनदा, पोराला जमेपर्यंत. कधी वैतागली नाही की कुणाला हात लावला नाही, अशी तिची ख्याती होती. आधी पुष्कळ वर्षं ती यंत्रमागावर होती. कारखाना बंद पडल्यावर आधी शेजारणीचं एक पोर सांभाळलं, मग तिच्या जावेचं, आणि बघता बघता घराचं पाळणाघर झालं. स्वतःचं मूलबाळ नव्हतं. नवरा लवकर गेला. तोही मागावरच होता.

तिला एक खोड मात्र होती. समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची. डोळ्यांत नाही, तोंडाकडे. आया मागे तिला टकमकबाई म्हणत. "अगं, दात मोजते ती आपले," जुळ्यांची आई म्हणायची. ही जुळ्यांची आई म्हणजे बोलण्याचा धबधबा. तिची दोन्ही पोरंही तिथेच होती. "मोजू दे बापडी. माझी दोन भुतं तिच्याकडे मांजरं होतात, मला आणखी काय पाहिजे? घरी छप्पर डोक्यावर घेतात, तिथे चिडीचूप!"

चिडीचूप. पहिल्या दिवसापासून हीच तर त्या घराची शोभा होती. बाहेरून जाणाऱ्याला कळायचंही नाही की आत एवढी पोरं आहेत. आया कौतुक करायच्या, गोटीची आईही करायची. मग हळूहळू तेच तिला खुपायला लागलं. एवढी पोरं, आणि आवाज नाही? पोरं आहेत की बाहुल्या?

आधी लक्षात आलं ते हाक मारण्याचं. गोटी "आई" म्हणून हाक मारेनाशी झाली. दुसऱ्या खोलीतून काही हवं असेल तर चालत यायची, कुडत्याचं टोक दोनदा ओढायची आणि समोर येऊन उभी राहायची. आईचं लक्ष स्वयंपाकात असेल तर दोन्ही हातांनी तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायची आणि मगच बोलायची.

"किती शहाणी झाली," बाबा म्हणाले.

"शहाणी? आपल्या घरात लांबून हाक मारायला भिते ती."

"अगं, लांबून ओरडली असती तर म्हणाली असतीस, कशी ओरडते."

मग एके दिवशी गोटी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून पडली. गुडघा सोलला, रक्त आलं. गोटीची आई ओट्याशी पाठ करून उभी होती, तिला कळलंसुद्धा नाही. पोर लंगडत आली, कुडतं ओढलं आणि बोटाने गुडघा दाखवला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, तोंड वेडंवाकडं झालं होतं, पण आवाज नाही. एवढासासुद्धा नाही. तीन वर्षांच्या पोरीने तोंड मिटून रडावं? मोठं माणूस असं रडतं, ज्याला कुणीतरी रडू नकोस म्हणून दरडावलेलं असतं ते.

आणि त्याच आठवड्यात आंघोळ घालताना तिला तो वळ दिसला. घोट्याच्या वर, पुसट, गोल. दोरीचा नाही, दोरीचा वळ पिळाचा असतो. हा रुंद होता, आणि त्यात बारीक आडव्या रेघा होत्या. कापडाचा वळ होता तो, आणि कापड तिच्याइतकं कोण ओळखणार?

"गोटी, मावशी मारते?"

"नाही."

"ओरडते?"

"नाही."

"कुणी रडलं तर काय म्हणते?"

गोटीने जरा विचार केला. "काहीच नाही म्हणत."

"मग हे पायाला काय झालं?"

"गाडी," गोटी म्हणाली आणि पाण्यात पाय आपटून खिदळली. "आम्ही सगळे डबे. मावशी इंजिन."

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "गाडी-गाडी खेळत असतील." जुळ्यांच्या आईला आडून विचारलं, तर ती म्हणाली, "वळ? माझ्या पोरांच्या अंगावर वळ नसलेली जागाच नाही, त्यात नवा कुठला शोधू? तू ना, माणसंसुद्धा कॉलरसारखी उलटून बघतेस." मग गोटीची आई गप्प बसली. पण रोज कारखान्यात शिवणीवरून बोट फिरवताना तिला तो घोटाच दिसायचा. देवापुढे हात जोडले की मागणं सुचायचं नाही. नुसतं म्हणायची, देवा, मला दिसू दे. चांगलं असो, वाईट असो, दिसू दे.

आज शनिवारी ते दिसलं.

कारखान्यातली वीज गेली आणि सगळ्यांना लवकर सोडलं. ती तडक पाळणाघरावर गेली. दुपारची पोरांची निजायची वेळ. दाराला आतून कडी होती. तिने हळू वाजवलं, मग जोरात, मग हाताच्या मुठीने. कुणी आलं नाही. बाजूच्या खिडकीचा पडदा एका कोपऱ्यात सरकलेला होता, तिथे डोळा लावला.

सगळी पोरं गोलाकार निजली होती, डोकी बाहेर आणि पाय आत. मध्ये मावशी भिंतीकडे तोंड करून बसली होती, टक्क जागी. आणि प्रत्येक पोराच्या घोट्याला एक पांढरी पट्टी बांधलेली होती. सगळ्या पट्ट्यांची टोकं मावशीच्या मुठीत.

गोटीच्या आईने गजांवर हात आपटला. मावशी हलली नाही. मग जुळ्यांतल्या एकाने नुसती कूस बदलली, काही आवाज झाला नाही, आणि मावशी झटक्यात वळून त्याच्यावर वाकली, त्याचं पांघरूण सारखं केलं, कपाळावर हात ठेवून बघितला.

म्हणजे बघा. दारावर एवढी थाप पडली ती ऐकू आली नाही, पण पोराने कूस बदललेली बरोब्बर कळली. याचा अर्थ काय? दार उघडायचंच नव्हतं. ओरडून घर डोक्यावर घ्यावं, तर निजलेली पोरं दचकून उठतील, पायाला ओढ बसेल, कुणी पडेल. गोटीची आई अंगणातल्या नळाजवळ जाऊन बसून राहिली. वेळ झाल्यावर कडी निघाली, आया येऊ लागल्या. आत जाऊन बघते तर पट्टी नाही की काही नाही. पोरं चपला घालत बसलेली, मावशी हसतेय. जुळ्यांची आई एकीकडे बोलत, एकीकडे दोघांना ओढत निघूनही गेली. आणि मग ते, "थांब, मीपण येते."

गोदामांची भिंत संपली तिथून पुढे रस्त्याची कडा एकदम अरुंद होत होती. एकामागे एक चालावं लागलं. मावशी पुढे गेली. गोटी तिच्या खांद्यावरून मागे बघत होती, अंगठा तोंडात घालून. बोलायचं तर आत्ताच, गोटीच्या आईने ठरवलं. तोंडाकडे बघणारे ते डोळे समोर नसताना बोलणं सोपं होतं.

"मावशी, दुपारी पोरांच्या पायाला काय बांधता तुम्ही?"

मावशी चालत राहिली. पावलाचा ठेकासुद्धा चुकला नाही.

"मी खिडकीतून बघितलंय. सगळं बघितलंय."

काही नाही.

"गोटीच्या पायावर वळ आहे, मावशी! मी पोलिसांत जाईन, सांगून ठेवते!" आता तिचा आवाज चढला. पलीकडच्या टपरीवरचा माणूसही बघायला लागला. पुढची पाठ मात्र तशीच शांतपणे चालत होती. "बहिऱ्याचं सोंग कशाला घेताय? उत्तर द्या ना!"

गोटीने अंगठा तोंडातून काढला. आईकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी मावशीची हनुवटी धरली, तोंड आपल्याकडे वळवलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "आई विचारते. पायाला. काय. बांधते."

मावशी थांबली. मागे वळली आणि गोटीच्या आईच्या चेहऱ्याकडे, म्हणजे तोंडाकडेच, बघत राहिली. गोटीच्या आईच्या हातातली एक पिशवी खाली टेकली.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं. या वेळी हळू, आणि समोर उभं राहून.

"डावा कान मागावर असतानाच गेला," मावशी म्हणाली. "उजवा होता थोडा थोडा. त्याच सवयीने तुला उजव्या हाताला ठेवत होते. यंदा तोही बसला. कानाचं यंत्र आणलंय, पण ते घातलं की भांड्यांचा खणखणाट तेवढा डोक्यात शिरतो. पोरांचं बारीक काही कळत नाही."

"आणि सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर ठेवलं असतंस पोरीला?"

"नसतं ठेवलं!"

"मग झालं तर," मावशी म्हणाली, आणि एवढ्यातही तिला किंचित हसू आलं. ते गोटीच्या आईला अजिबात आवडलं नाही.

मावशी सांगत होती. मागाच्या शेडमध्ये खडखडाट एवढा, की कुणी कुणाला हाक मारत नाही, मारून उपयोग नसतो. ओढायचं, समोर उभं राहायचं, तोंड बघून समजून घ्यायचं. सुट्टी झाल्यावर रस्त्यात आल्या तरी बायका तशाच बोलायच्या, लोक हसायचे. तेच पोरांना लागलं. आणि पट्ट्या म्हणजे मागावरच्या कापडाची कापून टाकलेली किनार, जुन्या ओळखीतून मिळालेली. मऊ असते. निजल्यावर कुणाला ठसका लागला, कुणी घाबरून उठलं, तर आवाजाने कळणार नाही. पाय हलला की हाताला कळतं. "एक दिवस डोळा लावला नाही मी दुपारचा," ती म्हणाली. "खोटं बोलत असेन तर देव बघतोय."

किनार. त्या आडव्या रेघा! गोटीच्या आईच्या बोटांना ती आठवली. पण मन काही निवळेना. माल तपासताना एक खोट सापडली म्हणून तपासणी थांबत नसते.

"आणि आग लागली तर? बांधलेली पोरं सोडवेपर्यंत?"

"एक ओढ दिली की सुटते. गाठ नसते, नुसता फास."

"फास!"

"सैल गं."

"मग वळ कसा उठला?"

मावशीने गोटीचा पाय हातात घेऊन पाहिला. उन्हाकडे धरून पाहिला. "ही झोपेत फार फिरते," ती पुटपुटली. मग तिची मान खाली गेली. "दिसला नाही मला. दिसायला पाहिजे होता."

ही माघार खरी की तीही शिकलेली? गोटीच्या आईने तिच्या चेहऱ्यावर नजर रोखली, जशी ती रोज कापडावर रोखायची. काही सापडेना. मग ती जे बोलली ते टोचावं म्हणूनच बोलली.

"आणि तुम्ही पोरांचं रडणंसुद्धा घालवलंत ते? आवाज करत नाही ही. पडली, रक्त आलं, तरी तोंड मिटून रडली. माझ्या पाठीमागे उभी राहून रडली आणि मला कळलं नाही!"

मावशीचे डोळे तिच्या ओठांवरून हलले नाहीत. "पुन्हा सांग," ती म्हणाली.

"रडताना आवाज करत नाही. तुमच्याकडेही नसेलच करत. कुणीच करत नाही. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, चिडीचूप पाळणाघर म्हणून."

मावशीचा चेहरा एकदम उतरला. गोटीला तिने खाली उतरवलं.

"तोंडं उघडी दिसायची," ती म्हणाली. "सुरुवातीला. मग नुसतं पाणी दिसायचं. मला वाटायचं, रडतायत, मलाच येत नाही ऐकू. वाटायचं, माझेच कान आणखी गेले." तिने पदराने तोंड पुसलं. "खरंच आवाज नाही? एकाचाही नाही?"

"नाही."

"जुळ्यांचाही?"

गोटीच्या आईने मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने एखाद्याच्या मालात खोट दाखवली होती आणि तिला बरं वाटलं नव्हतं. तरी ती निवळली नव्हती. या बाईने लपवलं होतं, आणि लपवलं नसतं तर पोरीची हाक गेली नसती. आज हे कबूल केलं तेही मागे लागल्यावर. "आणि आज बरोबर का आलात? कुठे जायचं होतं तुम्हाला?"

"कुठे नाही. भिंतीवर तुझी सावली पडली होती दुपारी. खिडकीतला उजेड हलला तेव्हा वळून बघितलं, तर पडद्याआडून तुझी पिशवी जाताना दिसली. म्हटलं, विचारेल. विचारायला वाट तर मिळू दे."

गोटीने एका हाताने आईचं कुडतं धरलं होतं, दुसऱ्या हाताने मावशीचं लुगडं, आणि दोन्ही ओढून बघत होती. एक मोटार बाजूने गेली.

मग मावशी गोटीच्या आईच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

"सोमवारी संध्याकाळी सगळ्याजणी एकदम येतात ना," ती म्हणाली, "तेव्हा तू सांग त्यांना. मी सांगायला उभी राहिले तर सगळ्या एकाच वेळी बोलायला लागतील, ती जुळ्यांची आई तर आधी. कुणाकुणाचं तोंड बघू मी? मी आपली मान डोलवत राहीन आणि त्यांना वाटेल, कळलं हिला. तू सांग. पण माझ्याकडे तोंड करून सांग, म्हणजे काय काय सांगतेस ते मला दिसेल. कानांचं सांग, किनारीचं सांग. आणि रडण्याचं सांगायला चुकू नकोस, ते मलाही आत्ताच कळलंय. मग ज्याला आपलं पोर न्यायचं त्याने न्यावं. एवढं कर माझं."